बांधावरचा वीर आणि गुरुजींचं वाचन

माझ्या सासरच्या घराण्यात एक पुरुष असा होऊन गेला की त्याच्याविषयी सगळ्या गावाला सगळं माहीत होतं, फक्त नाव कोणालाच माहीत नव्हतं. हा पुरुष दगडात होता. मळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, करंजाखाली, बांधाला रेलून एक कमरेएवढा काळा दगड उभा असे. त्यावर एकाखाली एक अशा तीन चौकटी कोरलेल्या, माथ्यावर चंद्र-सूर्य, आणि त्या चंद्र-सूर्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर. लढताना पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी असा दगड उभा करत, त्याला वीरगळ म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, तळेघरच्या बाजूचं. तिथे ओढ्याकाठी असे चार-पाच दगड होते आणि आम्ही बिनदिक्कत त्यांच्यावर गोधड्या वाळत घालायचो. कोणाचे कोण वीर आमच्या गोधड्यांखाली उबेला बसले असतील, देव जाणे.

लग्न होऊन मी जुन्नर तालुक्यात आले, पिंपळवंडीच्या अलीकडे. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घरातून मळ्यात जायला दहा मिनिटं लागत, पण माझ्या सासऱ्यांना अर्धा तास लागे. मी त्यांना मामा म्हणायची. मामा बैल घेऊन निघाले की करंजाच्या वाटेने न जाता कालव्यावरून मोठा वळसा घालून जात. एकदा मी विचारलं.

"मामा, इकडून जवळ पडतं की."

"तिकडं चिखल असतो."

वैशाख चालू होता. जमिनीला भेगा पडल्या होत्या. मी आत्याबाईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, बघितलं. त्या तांदूळ निवडत होत्या आणि इतक्या मन लावून निवडत होत्या की मी समजले, इथे काहीतरी आहे.

ते काहीतरी मला शेजारणीने धुणं धुता धुता सांगितलं, चवीने.

मामांचे एक चुलतभाऊ होते, वयाने थोडे मोठे. आमच्या भावकीतले शिकून शिक्षक झालेले पहिले गृहस्थ. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे. माणूस फार चांगला. अर्ध्या गावाला त्यांनीच पाढे शिकवले होते आणि उरलेल्या अर्ध्याला छडी. तर हे गुरुजी शिक्षकाचं ट्रेनिंग संपवून नुकते गावी आले, तेव्हाची ही गोष्ट. चैत्रातल्या यात्रेच्या दिवशी सकाळी या दगडापुढे नारळ फोडायची आमच्या भावकीची रीत, आणि तो मान मामांच्या घराचा. तोवर लोक यायचे, नारळ फोडायचे, खोबरं खायचे आणि घरी जायचे. दगडावर काय कोरलंय हे बघायची कोणाला गरज वाटली नव्हती. पण गुरुजी शिकून आले होते. शिकलेल्या माणसाला कोरलेलं काही दिसलं की राहवत नाही.

त्यांनी हातातली काठी वर केली आणि फळ्यावरचा धडा शिकवावा तसा दगड वाचायला घेतला.

"पहिली चौकट. हा पुरुष महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला आहे. म्हणजे मूळचा भक्तिमान. दुसरी चौकट." काठी खाली सरकली. "आता हा दोन स्त्रियांसह पालखीत बसलेला आहे. भक्ती सुटली, नाद लागला. तिसरी चौकट." काठी आणखी खाली. "गायींच्या पायाशी मरून पडलेला आहे. अर्थात दुसऱ्याची गुरं चोरताना लोकांनी मारला. बोध काय घ्यायचा, ते सांगायला नको."

बोध कोणीच घेतला नाही. सगळ्यांनी फक्त मजा घेतली. पूर्वज तसा सगळ्या भावकीचा, पण नारळ हातात घेऊन पुढे उभे होते मामा, आणि त्यांचं लग्न होऊन महिनाच झाला होता.

"काय राव, पालखी कुठं ठेवलीय घरात?"

"पावणं, एक तर आली, दुसरी कधी आणता?"

विहिरीवर आत्याबाईंना बायका विचारत, "तुझी सवत कधी यायची गं?" नवी नवरी, सोळा-सतरा वर्षांची. घरी येऊन रडायची. त्या दिवशी मामांनी नारळ खाली ठेवला. "असल्या मानसाफुडं मी नारळ फोडनार न्हाई," म्हणाले, आणि तेव्हापासून कालव्यावरून मळ्यात जाऊ लागले. मान रिकामा कसा ठेवायचा म्हणून यात्रेचा नारळ गुरुजी फोडू लागले, आणि दर वर्षी नव्या पाहुण्यांना दगड वाचून दाखवू लागले. पुढे काठीऐवजी छत्री आली, एवढाच फरक.

मला हे कळलं तेव्हा मी धुण्याच्या दगडावर पोट धरून हसले, हे कबूल करते. मामा म्हणजे असा गृहस्थ की बाजारात भाजीवाल्या बाईशी भाव करायची वेळ आली तरी वांग्यांकडे बघून बोलायचा. त्यांच्या डोक्यावर दोन बायका आणि पालखी! पण मग मी त्यांना वळशाने जाताना पाहू लागले, आणि हसू जरा कमी झालं. पुढे पुढे कालव्याच्या वाटेवर ते गुडघ्यावर हात ठेवून थांबायचे. बैल पुढे जाऊन वाट बघायचे.

असं दशक सरत आलं. गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांनी कुळाचा इतिहास लिहायला घेतला. त्या काळी हे खूळ बऱ्याच गावांत शिरलं होतं. शहरात नोकरीला गेलेल्या मुलांना एकाएकी आपण कोणाचे कोण याची चौकशी सुरू झाली होती. नारायणगावच्या एका छापखान्यातून पुस्तिका काढायची, यात्रेला वाटायची, असं भावकीत ठरलं. आणि गुरुजींचं अक्षर निवृत्तीनंतर थरथरायला लागलं होतं, म्हणून पक्की प्रत करायला माझी नेमणूक झाली. का, तर म्हणे सूनबाईचं अक्षर मोत्यासारखं आहे. या घरात माझं पहिलं कौतुक झालं ते हे. मी फुशारून बसले.

रोज दुपारी जेवणं आटोपली की मी आमच्या ओसरीवर फूलस्केप कागद घेऊन बसे आणि गुरुजींच्या वह्या उतरवून काढे. वंशावळ म्हणजे बाण आणि नावं. अमक्याला तीन मुलगे, तमक्याला दोन, तिसरा निपुत्रिक. मी चौतीस पानं उतरवली तरी एकाही बाईचं नाव येईना. ही सगळी माणसं झाडावरून पडली होती की काय? पस्तिसाव्या पानावर पहिल्या दोन बाया भेटल्या. त्या पालखीतल्या! आमच्या सगळ्या कुळाच्या इतिहासात बायका अशा त्या दोनच, त्याही बिननावाच्या आणि बदनाम.

पस्तिसावं पान आलं त्या संध्याकाळी मामा माझ्यापाशी येऊन बसले. ते सहसा असे बसत नसत. त्यांना वाचता येई, पण बोट ठेवून, सावकाश.

"ते पान आलं का?"

"कुठलं, मामा?"

"पालखीचं."

मी कागद पुढे केला. त्यांनी बोट ठेवलं, एक ओळ वाचली, आणि बोट तिथेच राहिलं.

"तोंडी व्हतं तवर मी काय बोललो न्हाई. आता छापनार. माझ्या नातवंडांच्या घरात ऱ्हानार हे." मग बोट न उचलता, "पोरी, हे पुसता येत न्हाई का?"

मी म्हटलं, गुरुजींचा शब्द मी कसा पुसू? त्यांनी मान हलवली. "बराबर हाय." आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेले. बैलांना मी तासापूर्वीच पाणी दाखवलं होतं.

त्या रात्रीपासून त्यांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. आत्याबाई उरलेली अर्धी भाकरी झाकून ठेवत. यात्रेला तीन आठवडे राहिले होते.

आणि अशात एका सकाळी गल्लीत हाळी आली, "पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ." पाटा गुळगुळीत झाला की त्याला छिन्नीने पुन्हा खरखरीत करून देणाऱ्या बाया तेव्हा अजून फिरत. घरोघर मिक्सर आले होते, त्यामुळे तिची हाळी जरा रुसलेली वाटली. आमचा पाटा होता, वरवंटा होता. मी तिला बोलावलं. पन्नाशीची बाई, हाताला दगडाची पांढरी भुकटी, तोंडात तंबाखू. टकटक टकटक करत अर्ध्या तासात पाटा नवा करून दिला. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "मावशी, तुमचा जन्म दगडात गेला. एक दगड बघता का आमचा? भाकरी-पिठलं देते."

"पिठल्यात लसूण असंल तर बघते."

मी तिला करंजाखाली नेलं. आमच्या वीराला बघून तिने आधी पचकन बाजूला तंबाखू थुंकला, मग पदर सारखा केला, दगडाला नमस्कार केला, आणि त्याच्यापुढे सरळ मातीत उकिडवी बसली. गुरुजी कायम उभे राहून वाचत. ही बसली. म्हणून तिच्या डोळ्यांपुढे आली ती सगळ्यात खालची चौकट.

तिने तिच्यावर तळहात ठेवला. "हा हितं पडला. गाया वाचवताना पडलाय बघ, हातात तलवार हाय." हात वर सरकला. "ह्या दोघींनी उचलून नेला." हात आणखी वर. "आन्‌ हितं देवापाशी पोचला. ग्वाड मरान हाय. काय इचारायचंय?"

मीही तिच्या शेजारी मातीत बसले.

"मावशी, वरून खाली नाही का वाचायचं?"

"वाचायला मला कुठं येतं? पर बाई, मानूस मेल्यावं वर जातो का खाली येतो?"

"पण सगळं तर वरूनच…"

"कागुद असंल वरनं. दगडाचं काम खालनं असतंय. भिताड बांधायला कुठनं घेत्यात, कळसापास्नं?" आणि ती उठली. "चल, पिठलं निवंल."

मी तिला दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. तिला वाटलं असेल, या घरातली सून जरा वेडसर आहे, कारण मी वाढता वाढता एकटीच हसत होते. गावातला न शिकलेला माणूस हा दगड नुसता बघून सोडून देत होता. चुकायला शिकावं लागलं होतं! गुरुजींनी पाटीवर, पुस्तकावर, फळ्यावर वाचतात तसं वरून खाली वाचलं आणि एका शूर माणसाला तीस वर्षं उलटा टांगून ठेवला.

मी आत्याबाईंना चुलीपाशी सांगितलं. त्यांनी हातातली फुंकणी खाली ठेवली. मग "पडला, नेला, पोचला," असं पुटपुटल्या. मग पदर तोंडात घालून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. आणि ते पाणी मग थांबेचना. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तीस वर्सं गं. विहिरीवर मी शेवटची जायची, समद्या गेल्यावं."

"मग आज मामांना सांगते."

"त्यांना सांगून काय व्हनार? ते आपल्याच भाऊला तोंडावर बोलनार हायेत का? गुर्जींना सांग."

पण गुरुजींना सांगणार कोण? चुलतसासरे. त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हते, तिथे तुम्ही चुकलात असं सुनेने म्हणायचं? आणि पुरावा काय, तर पाट्याला टाकी लावणारीने सांगितलं? त्यांनी मला बाराखडी लिहायला बसवलं असतं.

म्हणून मी दुपारी नेहमीसारखी ओसरीवर बसले आणि पस्तिसावं पान नव्याने उतरवलं. गुरुजींची तिन्ही वर्णनं जशीच्या तशी घेतली. फक्त त्यांची तिसरी चौकट पहिली लिहिली, दुसरी दुसरी, आणि पहिली शेवटी. चोरी, नाद आणि बोध हे मात्र पानावर मावले नाहीत. माझं अक्षर मोत्यासारखं असलं तरी जरा मोठंच आहे.

यात्रेला चार दिवस असताना भावकी गुरुजींच्या ओसरीवर जमली. छापखान्यात द्यायच्या आधी सगळा मजकूर मोठ्याने वाचायचा ठरलं होतं. पुरुष सतरंजीवर, आम्ही बायका दाराच्या आत. मामा कोपऱ्यात, खांबाला पाठ लावून, लग्नाच्या वऱ्हाडात चुकून आल्यासारखे. गुरुजींनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. नावं, बाण, नावं. दोघे-तिघे पेंगायला लागले. मग पस्तिसावं पान आलं आणि पेंगणारे जागे झाले. एकाने मामांना कोपराने ढोसलं. "आली राव, तुमची पालखी."

गुरुजी वाचू लागले. आवाज शाळेतला, खणखणीत.

"पहिली चौकट. हा पुरुष गायींच्या पायाशी मरून पडलेला आहे. दुसरी चौकट. हा दोन स्त्रियांसह पालखीत बसलेला आहे. तिसरी चौकट. हा पुरुष महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून…"

आवाज थांबला. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला. पुन्हा वरून वाचलं, या वेळी मनात, ओठ हलवत. ओसरीवर कोणी हसलं नाही. हसायचं कुठे, हेच कोणाला सापडेना.

"सूनबाई," गुरुजी दाराकडे न बघता म्हणाले, "हे माझंच आहे का?"

"अक्षर सोडून सगळं तुमचंच आहे, गुरुजी." मी दाराआडून म्हटलं. "फक्त मी खाली बसून बघितलं. उभं राहिलं की वरचं आधी दिसतं, म्हणून."

एवढा वेळ मामा खांबालाच टेकून होते. ते पुढे सरकले.

"म्हंजी… आधी मेला?"

"आधी मेला," कोणीतरी म्हणालं.

"आन्‌ मंग त्या बाया?"

"अप्सरा असणार," गुरुजी हळू म्हणाले. "वीराला स्वर्गात न्यायला येतात. पुस्तकात आहे तसं." आणि पुस्तकात आहे हे आठवून त्यांचा चेहरा पार उतरला.

मामांनी विचार केला. "म्हंजी बाया व्हत्याच."

"मेल्यावं व्हत्या!" माझ्या कानाशी आत्याबाई कडाडल्या. सगळ्या पुरुषांसमोर एवढ्या मोठ्याने बोलल्याचं मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. "जित्तेपनी न्हवत्या! मेल्यावं काय करायचं ते करा!"

मग मात्र ओसरी फुटली. पण हे हसू वेगळं होतं, मामाही त्यात होते. गुरुजी तेवढे हसले नाहीत. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला, छत्री घेतली, आणि पायात वहाणा घालून सरळ करंजाच्या वाटेला लागले. भर दुपारचं ऊन. त्यांच्यामागे सगळी भावकी, भावकीमागे आम्ही, आणि सगळ्यात शेवटी, पंधरा पावलं अंतर ठेवून, मामा. त्या वाटेवर ते किती वर्षांनी आले होते. पायाखाली बघून चालत होते, चिखल असल्यासारखे.

गुरुजी दगडापुढे उभे राहिले. मग छत्री बाजूला ठेवून, गुडघे कुरकुरत असताना, मातीत बसले. खालच्या चौकटीवर नाक टेकेल इतके वाकले.

"तलवार आहे," ते म्हणाले. "चोराच्या हातात तलवार कशाला? मला कधी दिसलीच नाही. माझी सावली पडत होती त्यावर."

मामा आता पुढे आले होते. गुरुजींनी वळून बघितलं नाही, पण मामा मागे उभे आहेत हे त्यांना कळलं असावं.

"नारळ तुझा होता रे," ते दगडालाच म्हणाले. "तीस वर्षं मी फोडला."

"दादा, फुटलाच ना. त्याला काय," मामा म्हणाले. तीस वर्षांचा हिशेब त्यांनी एवढ्यात मिटवला. मला त्यांचा रागच आला. मी त्यांच्या जागी असते तर निदान अर्धा तास तरी घेतला असता.

पण गुरुजी ते गुरुजीच. चूक सापडली की ती नीट दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन नाही. दगडाचा पाया मातीत गेला होता. खाली आणखी एखादी चौकट असेल, म्हणून त्यांनी खुरपं मागवलं. कोणीतरी शेजारच्या वाफ्यातून आणून दिलं. त्यांनी स्वतः माती उकरली. वीतभर खोल गेल्यावर चौकट नव्हती. अक्षरं होती. एकच ओळ, झिजलेली, मातीने बुजलेली, पण अक्षरं नक्की. काही देवनागरीसारखी, काही कसलीच नाहीत.

सगळे वाकले. गुरुजींचा चेहरा ट्रेनिंगहून नुकत्याच परत आलेल्या त्या तरुण मास्तरासारखा उजळला. मी तेव्हा नव्हते, पण तेव्हाही तो असाच उजळला असणार. त्यांनी खिशातून पस्तिसावं पान काढलं, उलटं केलं, शिसपेन्सिल काढली. "नाव असणार याचं! गाव असणार! कागद ठेवून पेन्सिल घासली की उमटेल. थांबा, हे काय आहे… 'ग' की 'म'… यापुढे…"

"दादा," मामा म्हणाले.

"एक मिनिट. 'म'च आहे. आणि नंतर…"

मामा खाली बसले. त्यांनी गुरुजींचा पेन्सिलचा हात हलकेच धरला. मोठ्या भावाचा हात धरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि ते धरताना त्यांचा आवाज अगदी लहान झाला.

"दादा, पाया पडतो तुमच्या. आता काय बी वाचू नका."

पेन्सिल खिशात गेली. मामांनी दोन्ही हातांनी उकरलेली माती परत ओढली, अक्षरांवर थापली, आणि पेरणीची पाभर फिरवून झाल्यावर करतात तशी वरून सारखी केली. मग माझ्याकडे वळले.

"सूनबाई, घरनं नारळ आन."

"अरे, यात्रा सोमवारी आहे," गुरुजी म्हणाले.

"सोमवारचा सोमवारी फोडू," मामा म्हणाले. "तुमी जरा बाजूला सरा, दादा. सावली पडतीय."